शेखाडीचा किनारा आणि मतदानाचं पाकीट

मतदानाच्या आदल्या रात्री आमच्या श्रीवर्धनकडच्या वाडीत कुत्री उगाच भुंकत नाहीत. पाकिटं फिरत असतात. शेजारची वहिनी म्हणाली, "भाऊजी, घेतलं तर काय झालं? देश थोडाच विकला?"

मी तिला शेखाडीची आठवण करून दिली. फेब्रुवारी १९९३ मध्ये आमच्याच तालुक्यातल्या त्या किनाऱ्यावर आरडीएक्स उतरलं. चांदीच्या चोरट्या मालाकडे पैसे घेऊन काणाडोळा करायची सवय जुनीच होती. कस्टम आणि पोलिसांतल्या काहींनी तेव्हाही तेच केलं. पुढे न्यायालयात ते दोषी ठरले. १२ मार्चला मुंबईत स्फोट झाले, २५७ माणसं गेली.

त्याच वर्षी केंद्र सरकारने नेमलेल्या व्होरा समितीने लिहिलं, की तस्करीच्या पैशातून गुंडांचं जाळं पोसलं जातं आणि निवडणुकीत पुढारी तेच वापरतात. विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाख. पाकिटांचा हिशेब त्यात कुठला बसायला! मग ज्याने पैसा पुरवला, तो उद्या बंदरावर कुणाची बदली करायची ते सांगणारच.

लाच देणारा आणि घेणारा मतदार, दोघांनाही कायद्याने एक वर्षापर्यंत कैद आहे. तेही सांगितलं.

वहिनीने पाकीट परत केलं नाही.