चिपाड, मळी आणि पाणी : साखर कारखानदारीतील तंत्रबदलांचा मागोवा

एक टन ऊस गाळला की साधारण १०० ते ११५ किलो साखर हाती येते. उरलेल्यात २८० ते ३०० किलो ओले चिपाड, म्हणजे कारखान्याच्या भाषेत बगॅस, ३५-४० किलो प्रेसमड (रस स्वच्छ करताना निघणारा गाळ), ४०-४५ किलो मळी असते आणि बाकी बहुतेक सगळे पाणी. महाराष्ट्रातील साखर कारखानदारीने पर्यावरणाचे काय केले, हे या उरलेल्या नऊशे किलोंवरून समजते. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या प्रवरेच्या सहकारी कारखान्यात १९५०-५१ च्या हंगामात गाळप सुरू झाले. त्यानंतरची जवळजवळ तीन दशके कारखाने वाढत गेले, गाळप क्षमता वाढत गेली. पण साखरेखेरीज जे उरते त्याकडे पाहण्याची दृष्टी ते लवकरात लवकर निपटून टाकण्याचीच राहिली.

बगॅस बॉयलरमध्ये जळत असे, पण उधळपट्टीने. चौरस सेंटिमीटरला १५ ते २१ किलो दाबाच्या त्या बॉयलरमधून मिळणाऱ्या वाफेवर चरक फिरत, रस आटे आणि कारखान्यापुरती वीज तयार होई. त्याहून अधिक काही मिळवण्याचे कारणच नव्हते. बगॅस शिल्लक राहिला तर तो ठेवायला जागा हवी, ढिगाला आग लागण्याची धास्ती वेगळी. त्यापेक्षा सगळाच जाळून टाकलेला बरा, असा विचार यंत्रांच्या रचनेतच होता. धुराड्यातून उडालेली काजळी आसपासच्या गावांतील पत्र्यांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि उभ्या पिकांवर पडे. मळीची कथा निराळी. १९६१ च्या आदेशाने तिच्यावर केंद्र सरकारचे नियंत्रण होते आणि तिचा दरही सरकार ठरवी. अशा मालासाठी चांगल्या टाक्या बांधण्यात किंवा त्यातून अधिक मोल काढण्यात पैसा घालण्याची ओढ कुणाला वाटणे कठीण होते. हे नियंत्रण १९९३ मध्ये उठले.

सर्वात मोठा घाव मात्र आसवन्यांनी घातला. मळी आंबवून तिच्यापासून मद्यार्क काढला की मागे उरते ते स्पेंटवॉश. जुन्या पद्धतीत एक लिटर मद्यार्कामागे १२ ते १५ लिटर स्पेंटवॉश निघे. रंग गडद तपकिरी, आम्लधर्मी, कुजट वासाचा. पाण्यातील सेंद्रिय घाण कुजताना किती प्राणवायू खेचून घेईल हे बीओडी या मापाने मोजतात. शहरी सांडपाण्याचा बीओडी लिटरला दोनशे-तीनशे मिलिग्रॅम असतो, तर स्पेंटवॉशचा चाळीस-पन्नास हजार. असे पाणी ओढ्यात सोडले की खालच्या डोहातील प्राणवायू संपतो आणि मासे पृष्ठभागावर तरंगू लागतात. पश्चिम महाराष्ट्रातील नदीकाठच्या गावांनी हे दृश्य अनेक उन्हाळे पाहिले आहे. शिवारात मुरलेले पाणी विहिरींत उतरे आणि विहिरीचे पाणी तांबूस होई. अशा विहिरी पुढे वर्षानुवर्षे पिण्यायोग्य राहत नसत.

कायदा तंत्रज्ञानाच्या आधी आला. महाराष्ट्राने १९६९ मध्येच जलप्रदूषण प्रतिबंधाचा स्वतःचा कायदा केला आणि १९७० मध्ये राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. केंद्राचा जल कायदा १९७४ चा. परंतु चाळीस हजारांवरचा बीओडी नदीत सोडण्याजोग्या तीस मिलिग्रॅमवर आणणारी परवडणारी यंत्रणा त्या वेळी कुणाकडे नव्हती. नोटिसा निघत, कारखाने मुदत मागत, पावसाळा आला की साठवण तलाव भरून वाहत. याच काळात, १९७५ मध्ये, ऊस उत्पादक आणि कारखान्यांच्या पैशातून पुण्याजवळ मांजरी येथे साखर संस्था उभी राहिली. पुढे तिला वसंतदादा पाटील यांचे नाव मिळाले. उसाच्या वाणांपासून सांडपाण्यापर्यंतचे प्रश्न एका छताखाली अभ्यासणारी ही संस्था कारखान्यांच्या स्वतःच्या वर्गणीतून उभी राहिली, ही सहकाराची फार मोठी कामगिरी आहे.

पहिला खरा बदल १९८० च्या दशकात बायोगॅसने घडवला. बंद टाकीत, हवेशिवाय जगणाऱ्या जिवाणूंना स्पेंटवॉश खाऊ घातला की मिथेन वायू मिळतो आणि बीओडी ८० ते ९० टक्क्यांनी घटतो. हा वायू बॉयलरमध्ये जाळून आसवनीची वाफेची गरज बऱ्याच अंशी भागते. खनिज तेल आणि कोळसा महागलेल्या त्या वर्षांत हे इंधन आर्थिकदृष्ट्याही मोलाचे होते, आणि म्हणूनच ही यंत्रणा पसरली. प्रदूषण मंडळाचा धाक त्यामागे होता, पण वाचलेल्या इंधनाचे पैसे ताळेबंदात दिसत होते ही बाब अधिक परिणामकारक ठरली. पुढच्या प्रत्येक टप्प्यावर हेच पुन्हा घडलेले दिसते.

बायोगॅसनेही काम पुरे झाले नाही. टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी चार-पाच हजारांवर राहतो आणि तपकिरी रंग जवळजवळ तसाच राहतो, कारण तो रंग देणारी मेलॅनॉयडिन नावाची संयुगे जिवाणूंना सहज पचत नाहीत. त्यावर उपाय म्हणून प्रेसमडवर हे पाणी फवारून कंपोस्ट खत करण्याची पद्धत आली. पक्क्या ओट्यावर प्रेसमडच्या लांबच लांब रांगा लावायच्या, जिवाणू मिसळायचे, यंत्राने खालीवर करत पाणी शोषवायचे. दीड-दोन महिन्यांत खत तयार. नगर, सोलापूर, सांगली, कोल्हापूर भागात हे खत शेतकऱ्यांनी आनंदाने उचलले. पण पावसाळ्यात ओट्यावर कंपोस्ट होत नाही. त्यामुळे कंपोस्टवर अवलंबून असलेल्या आसवन्यांना वर्षात २७० दिवसच चालण्याची मुभा राहिली. ओट्याचा तळ कच्चा असेल तर पाणी जमिनीत मुरायचे ते मुरतच राहिले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००३ मध्ये उद्योगांशी ठरवलेल्या कार्यक्रमात आसवन्यांना डिसेंबर २००५ पर्यंत स्पेंटवॉशचा संपूर्ण वापर करण्याची मुदत घातली. प्रत्यक्षात ती अनेकांना गाठता आली नाही.

त्या मुदतीने मात्र पुढच्या तंत्राला वाट करून दिली. स्पेंटवॉश अनेक टप्प्यांच्या बाष्पकांत आटवायचा, ६० ब्रिक्सच्या (विरघळलेल्या घन पदार्थांचे टक्क्यांतील माप) आसपास घट्ट झाला की खास बांधणीच्या बॉयलरमध्ये बगॅस किंवा कोळशाबरोबर जाळायचा, त्या वाफेवर आसवनी चालवायची आणि वीजही करायची. आटवताना निघालेले पाणी शुद्ध करून पुन्हा प्रक्रियेत घ्यायचे. आवाराबाहेर थेंबही जाऊ द्यायचा नाही, ही कल्पना या बॉयलरमुळे व्यवहारात आली. भांडवली खर्च मोठा, नळ्यांवर क्षारांची पुटे चढतात, बॉयलर वारंवार थांबवून साफ करावा लागतो. चालवणाऱ्यांच्या दृष्टीने हे अवघड यंत्र आहे. तरीही नदीच्या दृष्टीने गेल्या पन्नास वर्षांत याहून मोठी गोष्ट घडलेली नाही. या बॉयलरच्या राखेत पोटॅश असते. उसाने जमिनीतून शोषलेले हे पोटॅश आजवर ओढ्यांतून वाहून जात होते, आणि दुसरीकडे देश आपल्या गरजेचे पोटॅश परदेशातून आणत होता. मळीपासूनच्या पोटॅशला, ज्यात १४.५ टक्के पोटॅश असते, २०२१ मध्ये केंद्राच्या अन्नद्रव्याधारित खत अनुदानात स्थान मिळाले.

बगॅसच्या बाबतीत बदल घडायला वीजबाजार बदलावा लागला. जास्त दाबाचा बॉयलर बसवला तर तेवढ्याच बगॅसमधून कितीतरी जास्त वीज मिळते, हे अभियंत्यांना आधीपासून ठाऊक होते. पण ती वीज घेणारे कुणी नव्हते. १९९० च्या दशकात केंद्राच्या अपारंपरिक ऊर्जा मंत्रालयाने सहवीजनिर्मितीला प्रोत्साहन दिले. तामिळनाडू आणि कर्नाटकातील खासगी कारखाने आधी पुढे सरसावले. महाराष्ट्रात राज्य वीज नियामक आयोगाने २००२ मध्ये अशा विजेचा खरेदी दर ठरवून दिला आणि दीर्घ मुदतीच्या करारांमुळे बँकांना कर्ज देणे शक्य झाले. २००८ च्या धोरणात राज्याने बगॅसपासून १००० मेगावॅटचे उद्दिष्ट ठेवले, २०१५ च्या धोरणात आणखी १००० मेगावॅटचे. बॉयलरचा दाब २१ वरून ६७, ८७ आणि पुढे ११० किलोंवर गेला. चरकांची वाफेवरची टर्बाइने जाऊन विजेच्या मोटारी आल्या, रस कमी वाफेत आटवणारी बाष्पके आली, आणि पूर्वी उसाच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक लागणारी वाफ चांगल्या कारखान्यांत ३५ ते ४० टक्क्यांवर आली. ज्या एका टन उसातून पूर्वी कारखान्यापुरती वीज कशीबशी निघे, त्यातून आता शंभर युनिटांच्या आसपास वीज बाहेर विकता येऊ लागली. क्योटो करारानंतर काही प्रकल्पांनी कार्बन श्रेयांकही विकले, पण २०१२ च्या सुमारास त्यांचे भाव कोसळले आणि तो आधार गेला. नंतर सौरऊर्जा स्वस्त झाली, ठरीव दराऐवजी निविदा आल्या, आणि वाढीव दराच्या भरवशावर कर्ज काढलेल्या कारखान्यांची ओढाताण झाली. हंगामी पण इंधन आयात न करता मिळणारी, सूर्य मावळल्यावरही चालणारी ही वीज केवळ दराच्या तुलनेत मोजणे योग्य नव्हते.

इथेनॉलच्या इतिहासात महाराष्ट्राची जागा पहिल्या पानावर आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रायोगिक प्रकल्प २००१ मध्ये मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशातील आंवला येथे झाले. २००३ मध्ये नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रणाची योजना निघाली, पण दर आणि पुरवठा यांचा मेळ बसेना, म्हणून ती पंधरा वर्षे रेंगाळली. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने बी-हेवी मळी (जिच्यात बरीच साखर शिल्लक असते) आणि थेट उसाचा रस यांपासूनच्या इथेनॉलला मोकळीक दिली आणि चित्र पालटले. देशाने दहा टक्के मिश्रण २०२२ मध्ये गाठले; वीस टक्क्यांचे लक्ष्य २०३० वरून २०२५ वर आणले गेले. डिसेंबर २०२३ मध्ये साखरेचे उत्पादन घटण्याच्या शक्यतेने रसापासूनच्या इथेनॉलवर अचानक बंधने आली आणि नव्याने उभारलेल्या आसवन्या अडचणीत सापडल्या. पुढच्या वर्षी ती उठली. २०१८ मध्येच सुरू झालेल्या केंद्राच्या ‘सतत’ योजनेमुळे प्रेसमडपासून वाहनांसाठी दाबाखालचा बायोगॅस करण्याचे प्रकल्पही सुरू झाले आहेत.

देखरेखीचे तंत्रही बदलले. पूर्वी निरीक्षक येईल त्या दिवशी नमुना घेतला जाई. केंद्रीय मंडळाने २०१४ मध्ये साखर आणि आसवनीसह अतिप्रदूषक उद्योगांना धुराड्यावर आणि सांडपाण्याच्या मार्गावर सतत मोजणारी यंत्रे बसवून त्यांचे आकडे थेट मंडळाकडे पाठवण्यास सांगितले. २०१६ च्या अधिसूचनेने साखर कारखान्यांसाठी उसाच्या टनामागे सांडपाण्याची मर्यादा ४०० लिटरवरून २०० लिटरवर आणली. उसात सुमारे ७० टक्के पाणी असते. रस आटवताना निघणारी वाफ थंड करून ते परत वापरले तर चांगला कारखाना नदीतून फारसे पाणी न घेता चालू शकतो. मराठवाडा आणि सोलापुरात दुष्काळाच्या वर्षांनी ही यंत्रणा कारखान्यांच्या गळी उतरवली. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी न्यावे लागले, त्यानंतर उसाच्या पाण्याचा विषय टाळणे कुणालाच शक्य राहिले नाही.

तो विषय कारखान्याच्या भिंतीबाहेरचा आहे. हेक्टरी ८० टन ऊस धरला तर २०० लिटरच्या मर्यादेने त्यामागे कारखान्याला १६ हजार लिटर सांडपाणी बाहेर सोडता येते. त्याच हेक्टरवर ऊस वाढवायला पंधराशे ते अडीच हजार मिलिमीटर, म्हणजे दीड ते अडीच कोटी लिटर पाणी लागते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार उसापासून एक लिटर इथेनॉल करण्यामागे सुमारे २,८६० लिटर पाणी खर्ची पडते. कारखान्यातील सगळी नवी यंत्रे मिळून जे पाणी वाचवतात ते या आकड्यांपुढे थोडे आहे.

शेतातले तंत्र अनुपलब्ध नाही. जळगावात १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ठिबक संचांचे उत्पादन सुरू झाले. उसाला ठिबकने चाळीस टक्क्यांच्या आसपास पाणी वाचते आणि उत्पादनही वाढते. पाचट न जाळता त्याची कुट्टी करून सरीत पसरवली तर बाष्पीभवन कमी होते आणि जमिनीला सेंद्रिय कर्ब मिळतो. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात उपग्रहचित्रे, हवामान केंद्र आणि मातीतील संवेदक यांच्या आधारे कृत्रिम बुद्धिमत्तेने उसाला पाणी आणि खत कधी द्यावे हे सांगण्याचे प्रयोग सुरू आहेत. राज्य मंत्रिमंडळाने २०१७ मध्ये उसासाठी ठिबक टप्प्याटप्प्याने सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला. तरीही आज मोठ्या क्षेत्रावर पाटपाणीच दिले जाते, कारण कालव्याच्या पाण्याची आकारणी बहुतेक ठिकाणी क्षेत्रावर होते, घनमीटरवर नाही. वाचवलेल्या पाण्याचा पैसा शेतकऱ्याच्या खात्यात जमा होत नाही. बगॅस, मळी आणि राख यांच्याबाबत जे घडले ते इथे व्हायचे आहे. कारखान्याच्या वार्षिक अहवालात गाळप, साखर उतारा, वीज आणि इथेनॉल यांचे आकडे छापले जातात. त्यांच्या शेजारी एक टन उसामागे शेतात लागलेल्या पाण्याचा आकडाही छापला जावा, आणि येत्या सर्वसाधारण सभेत सभासदांनीच तो मागावा.