एल्क नदीतील गळती आणि नागरिकांचा हक्क

९ जानेवारी २०१४ च्या सकाळी अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्याची राजधानी चार्ल्सटन येथील रहिवाशांनी हवेत ज्येष्ठमधासारखा वास येत असल्याची तक्रार केली. माग काढत अधिकारी एल्क नदीकाठच्या फ्रीडम इंडस्ट्रीज या रसायने साठवणाऱ्या कंपनीच्या आवारात पोहोचले. तेथील टाकीतून एमसीएचएम हे कोळसा धुण्याचे रसायन नदीत जात होते. सुमारे ३८ हजार लिटर रसायन वाहून गेले, आणि शहराच्या पाणीपुरवठ्याचा उपसा तेथून जेमतेम अडीच किलोमीटर खाली होता. नऊ काउंट्यांतील सुमारे तीन लाख लोकांना पिण्यासाठी, स्वयंपाकासाठी, आंघोळीसाठी नळाचे पाणी बंद झाले.

या रसायनाच्या विषारीपणाची माहिती तुटपुंजी होती, तीही मुख्यतः उत्पादक कंपनीने प्राण्यांवर केलेल्या चाचण्यांची. १९७६ च्या संघीय कायद्याने तेव्हा वापरात असलेली सुमारे ६२ हजार रसायने चाचणीची सक्ती न करता तशीच चालू ठेवली होती. एमसीएचएम त्यांपैकीच एक. १३ जानेवारीपासून पाणी टप्प्याटप्प्याने सुरू झाले आणि दोनच दिवसांनी गर्भवतींनी ते पिऊ नये असा सल्ला आला. अशा वेळी सरकारी आश्वासनावरचा विश्वास उडाला, यात नवल नाही.

याहून गंभीर बाब अशी की या रसायनाच्या साठ्याची नोंद सरकारदरबारी आधीपासून होती. ती देणे १९८६ च्या कायद्याने बंधनकारक आहे, आणि त्या कायद्यामागे १९८४ चे भोपाळ आहे. भोपाळला जीव घेणारा मिथिल आयसोसायनेट युनियन कार्बाइड चार्ल्सटनजवळच्या इन्स्टिट्यूट या गावीही बनवत असे. १९८५ मध्ये तेथेही वायुगळती झाली. पुढच्या वर्षीच्या त्या कायद्याने नागरिकांना माहितीचा हक्क मिळाला, स्थानिक आपत्ती नियोजन समित्या आल्या. तरी एल्ककाठची नोंद कागदावरच राहिली. तिच्या आधारे पाण्याच्या रक्षणाची योजना आखली गेली नाही.

इन्स्टिट्यूट येथे २००८ मध्ये स्फोट होऊन दोन कामगार दगावले. त्यानंतर संघीय रासायनिक सुरक्षा मंडळाने कॅलिफोर्नियातील कॉन्ट्रा कोस्टा काउंटीसारखी व्यवस्था उभारण्याची शिफारस केली. तेथे कारखान्यांच्या सुरक्षा योजना हरकती व सूचनांसाठी लोकांसमोर ठेवल्या जातात. २०१४ पर्यंत ती शिफारस अमलात आलेली नव्हती.

गळतीनंतर मात्र रहिवासी संघटित झाले. त्याच वर्षी विधिमंडळाने टाक्यांची नोंदणी, तपासणी आणि जलस्रोत संरक्षण योजना सक्तीच्या केल्या. पुढच्याच वर्षी असंख्य टाक्यांना सूट देऊन कायदा सैल करण्यात आला. लोकांचा रेटा ओसरला की उद्योगांचा रेटा कसा उरतो, याचे हे उदाहरण. संरक्षण योजनांची तरतूद टिकली. उगमाकडे कोणते साठे आहेत, पर्यायी उपसा कोठून करता येईल, लोकांना किती वेळात कळवायचे, या प्रश्नांची उत्तरे पाणीपुरवठा संस्थेने योजनेत द्यायची असतात, आणि त्या योजनेवर नागरिकांचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते.

२०१६ मध्ये १९७६ चा कायदाही बदलला. जुन्या रसायनांची जोखीम तपासणे संघीय पर्यावरण संस्थेवर बंधनकारक झाले आणि प्रत्येक मूल्यांकनाच्या मसुद्यावर जनतेची मते मागवली जाऊ लागली.