सामायिक कपाटाची किल्ली

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या कार्यालयातला सर्व्हर मी सांभाळत असे. घाईघाईत मी हिशेबाच्या फोल्डरवर ‘सर्वांना सर्व अधिकार’ देऊन टाकले. आठवड्याभरात कुणाच्या तरी हातून ते फोल्डर पुसलं गेलं. रीसायकल बिनमध्ये पाहिलं, तिथं काहीच नव्हतं. सर्व्हरवरची फाइल आपल्या संगणकावरून पुसली, की ती सहसा आपल्या कचरापेटीत येत नाही. आदल्या रात्रीच्या बॅकअपनं लाज राखली.

तेव्हा हे कपाट चालतं कसं, हे समजून घेऊ. दोन संगणकांनी फाइल कशी मागायची आणि कशी द्यायची, याच्या ठरलेल्या नियमांना प्रोटोकॉल म्हणतात. एफटीपी हा त्यातला एक जुना प्रोटोकॉल. त्याचा पहिला आराखडा आयआयटी कानपूरचे पदवीधर अभय भूषण यांनी १९७१ मध्ये अमेरिकेत लिहिला. एफटीपी म्हणजे वाचनालयातून पुस्तक घरी नेणं. अख्खी फाइल आपल्याकडे येते. पण साध्या एफटीपीत पासवर्डही उघड्या पोस्टकार्डासारखा जातो.

विंडोजचा एसएमबी आणि युनिक्सचा एनएफएस हे वाचनकक्षासारखे. फाइल सर्व्हरवरच राहते, आपण हवा तेवढा भाग तिथंच वाचतो किंवा लिहितो. एकजण लिहीत असताना दुसऱ्याला थांबवण्याची सोयही त्यांत आहे. युनिक्सच्या सर्व्हरला डॉसच्या संगणकाशी बोलता यावं म्हणून ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ च्या सुमारास जे काम सुरू केलं, त्यातून पुढं ‘सांबा’ तयार झालं. ‘एसएमबी’ची तिन्ही अक्षरं त्या नावात आहेत.

जुने नियम तसेच चालू ठेवले, तर काय होतं? १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर प्रोग्राम जगभर पसरला. विंडोजमध्ये एसएमबीची पहिली आवृत्ती हाताळताना राहिलेल्या चुकीतून तो कुणी काही न उघडताही एका संगणकातून दुसऱ्यात शिरत होता. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. वास्तविक मायक्रोसॉफ्टनं दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती. अनेकांनी ती बसवलेलीच नव्हती.

म्हणून आपल्या कार्यालयात तीन प्रश्न जरूर विचारा. एसएमबीची पहिली आवृत्ती बंद आहे ना? कोणत्या फोल्डरमध्ये लिहिण्याचा अधिकार कुणाला आहे? आणि बॅकअपची एक प्रत सर्व्हरपासून वेगळी, तार काढून ठेवलेली आहे ना? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ होतं, म्हणून माझी नोकरी टिकली.