नेटवरचा फोटो कोणाचा?

प्रकल्पासाठी मुलं गूगलवरून फोटो घेतात. 'नेटवर आहे म्हणजे फुकट' असं आपल्यालाही वाटतं. पण तसं नसतं. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटोवर छायाचित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क असतो. वर्गात शिकवण्यासाठी मात्र सूट आहे.

छायाचित्रकार आपले फोटो स्टॉक साइटवर ठेवतात. मिळतं किती? 2020 मध्ये शटरस्टॉकने दर बदलले, तेव्हा एका डाउनलोडमागे किमान मोबदला 10 सेंट ठरला. दर जानेवारीला पातळी पुन्हा पहिल्यापासून! त्यात कुणी फोटो चोरला, तर तेही गेले.

कधी उलटंही होतं. अमेरिकेच्या कॅरल हायस्मिथ यांनी हजारो फोटो लायब्ररी ऑफ काँग्रेसला लोकांसाठी मोफत दिले. त्यांच्याच संस्थेला, त्यांच्याच फोटोसाठी 120 डॉलर भरा, असं पत्र आलं! 2016 मध्ये त्यांनी गेटी इमेजेस व इतरांवर दावा लावला. पण फोटो आधीच सार्वजनिक केलेले, म्हणून कॉपीराइटचा मुद्दा कोर्टात टिकला नाही.

मुलांना एवढं सांगा: वॉटरमार्क कापू नका, परवाना वाचा, फोटोखाली नाव लिहा. आणि हो, नाव लिहिलं म्हणजे परवानगी मिळाली असं नाही.