ओएलईडीचा पडदा: न चमकणाऱ्या रेणूंवर टिकणारा उजेड

परंड्यासारख्या तालुक्याच्या गावातही आता पंधरा-वीस हजारांच्या फोनला अ‍ॅमोलेड, म्हणजे ओएलईडी जातीचा, पडदा मिळतो. रंग झकास, काळा अगदी काळाकुट्ट. पुढे काही वर्षांनी त्याच पडद्यावर कीबोर्डची पुसट छाया उमटते आणि दुरुस्तीच्या दुकानात सांगतात, ‘फोल्डर, म्हणजे अख्खा पडदा, बदलावा लागेल.’ या छायेविषयी आणि एकूणच या पडद्याविषयी बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज: घरातला एलईडी बल्ब आणि फोनचा ओएलईडी पडदा यांचं तंत्र एकच.

वस्तुस्थिती: बल्बमधला एलईडी गॅलियम नायट्राइडसारख्या कठीण स्फटिकाचा असतो. ओएलईडीत कार्बनी रेणूंचे पातळ थर असतात. सगळे थर मिळून जाडी मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाहूनही कमी, आणि प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. या तंत्राचा पाया १९८७ साली कोडॅक कंपनीतल्या चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी घातला.

गैरसमज: उजेड देणारा रेणू तेवढा महत्त्वाचा, बाकी नुसता भरणा.

वस्तुस्थिती: उजेड देणारे रेणू दाटीवाटीने बसले तर एकमेकांची ऊर्जा खातात आणि उजेड विझतो. म्हणून ते दुसऱ्या एका पदार्थात विखुरतात. त्या पदार्थाला ‘होस्ट’ म्हणतात. कित्येक थरांत उजेड देणारा रेणू शेकडा पाच-दहाच असतो, उरलेला सगळा होस्ट. धन आणि ऋण असे दोन्ही विद्युतभार वाहून नेणं, त्यांची भेट घडवणं आणि मिळालेली ऊर्जा उजेड देणाऱ्या रेणूच्या हवाली करणं ही सगळी कामं होस्टची. तो खचला की उत्तमातला उत्तम उत्सर्जकही, म्हणजे उजेड देणारा रेणूही, निकामी ठरतो.

गैरसमज: उन्हाळ्यात पडदा वितळतो, म्हणून खराब होतो.

वस्तुस्थिती: परंड्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, पण तेवढ्याने हे थर वितळत नाहीत. खरा धोका वेगळा आहे. होस्टचे रेणू काचेसारखे अस्ताव्यस्त गोठलेले असतात. ठरावीक तापमानाच्या पुढे ते हलू लागतात आणि पाक साखरावा तसे त्यांचे कण बांधले जातात. मग थर एकसंध राहत नाही. सीबीपी या जुन्या, प्रसिद्ध होस्टची ही मर्यादा जेमतेम ६२ अंश सेल्सिअस होती. म्हणून आजचे होस्ट अवजड, वेड्यावाकड्या आकाराचे घडवतात, म्हणजे रेणू रांगेत बसू शकत नाहीत आणि मर्यादा शंभर अंशांच्या वर जाते. तरीही फोन बंद गाडीत उन्हात ठेवू नये, कारण उष्णतेने बिघाडाच्या रासायनिक क्रियांचा वेग वाढतो.

गैरसमज: निळा रंग आधी फिका पडतो, कारण कंपन्या हलका माल वापरतात.

वस्तुस्थिती: कारण ऊर्जेच्या हिशेबात आहे. तांबड्या प्रकाशकणाची ऊर्जा साधारण २ इलेक्ट्रॉन व्होल्ट, निळ्याची २.७च्या आसपास. होस्टमधले कार्बन-नायट्रोजनसारखे नाजूक बंध तुटायला साधारण ३ ते ४ लागतात. एकट्या उत्तेजित रेणूला ते जमत नाही. पण दोन उत्तेजित रेणू भिडले, किंवा एकाची गाठ विद्युतभार असलेल्या रेणूशी पडली, तर ऊर्जेची बेरीज होते आणि बंध तुटतो.

वीज दिल्यावर तयार होणाऱ्या उत्तेजित अवस्थांपैकी सुमारे ७५ टक्के ‘ट्रिपलेट’ असतात. साध्या, म्हणजे फ्लुरोसन्ट, उत्सर्जकात त्यांचा बहुतेक भाग वाया जातो. १९९८ साली फॉरेस्ट आणि थॉम्प्सन या संशोधकांच्या गटाने प्लॅटिनमयुक्त रेणूने त्यांनाही उजेड द्यायला लावलं. मात्र ट्रिपलेट जास्त वेळ टिकतात, म्हणून त्यांच्या टकरीही वाढतात. शिवाय होस्टची ट्रिपलेट ऊर्जा उत्सर्जकापेक्षा जास्त हवी, नाहीतर ऊर्जा उलटी होस्टकडे परतते. हिरव्याला पुरणारा सीबीपी निळ्याला इथेच कमी पडला. ही ऊर्जा वाढवायची तर रेणूची सलग जोडणी आखूड ठेवावी लागते, आणि लहान रेणू उष्णतेपुढे टिकत नाही. हा पेच सोडवण्यासाठी रसायनतज्ज्ञ लहान तुकडे सिलिकॉनच्या अणूने किंवा वाकड्या जोडणीने बांधतात. त्यामुळे रेणू मोठा होतो, पण सलग होत नाही. एवढं करूनही बहुतांश फोनमध्ये निळ्यासाठी आजवर जुनी फ्लुरोसन्सची पद्धतच वापरात राहिली आहे.

गैरसमज: फोन रात्रभर बंद ठेवला की छाया पुसली जाते.

वस्तुस्थिती: एलसीडीवरची छाया बहुधा तात्पुरती असते. ओएलईडीत मात्र तुटलेले बंध जुळत नाहीत. उरलेले तुकडे विद्युतभार अडवतात आणि शेजारच्या रेणूंचा उजेड विझवतात. त्यामुळे उपाय आधीच करायचा: चमक निम्मी ठेवली तर आयुष्य दुपटीहून अधिक वाढतं, आणि एकच चित्र तासन्‌तास ठेवू नये.

गैरसमज: हे सगळं परदेशातलं काम, आपला काही संबंध नाही.

वस्तुस्थिती: नागपूर विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ संजय ढोबळे अनेक वर्षं प्रकाश देणाऱ्या पदार्थांवर संशोधन करत आहेत. ओएलईडीवरच्या २०१७च्या इंग्रजी ग्रंथाचे ते एक लेखक आहेत. दुसरा धागा रायगड जिल्ह्यातल्या थळचा. रेणूतल्या हायड्रोजनच्या जागी त्याचाच जड समस्थानिक ड्युटेरियम बसवला तर बंध तुटणं अवघड होतं. एलजी डिस्प्लेने २०२१च्या अखेरीस जाहीर केलेल्या टीव्ही पडद्यांत हीच युक्ती वापरली. ड्युटेरियम मिळतो जड पाण्यातून, आणि अणुऊर्जा खात्याचा थळचा प्रकल्प १९८७ पासून जड पाणी बनवतो आहे.

दीर्घायुषी निळा होस्ट घडवण्याचं काम अजून संपलेलं नाही. बंध-ऊर्जा, समस्थानिक, स्फटिक हे त्याचे मूळ धडे अकरावी-बारावीच्या विज्ञानातच आहेत. परंड्याच्या वर्गात ते शिकणाऱ्या मुलामुलींनी ते परीक्षेपुरते मानू नयेत. या कामाला त्यांचीही गरज आहे.