शेळ्यांसाठी लाकडी माच : पहिल्यांदाच बांधताना



आपल्या अलिबाग-मुरूड-श्रीवर्धनच्या किनारपट्टीला पाऊस धो-धो पडतो. आषाढ-श्रावणात गोठ्याची जमीन काही सुकत नाही. ओल्या जमिनीवर बसून शेळ्यांचे खूर सडतात, जंत वाढतात, करडांना हगवण आणि खोकला लागतो. चार करडं झाली आणि दोनच राहिली, तर वर्षाचा नफा तिथेच गेला. यावर उपाय म्हणजे जमिनीपासून उंच, फटींचा लाकडी माच. लेंड्या-मूत फटीतून खाली पडते, वर शेळी कोरडी राहते, आणि खाली लेंडीखत आयते जमते.

मात्र पहिल्यांदा बांधणारा माणूस आधी लाकूड आणतो आणि मग विचार करतो. तसे करू नका. आधी हिशेब, मग करवत.

जागा किती? मोठ्या शेळीला 10 चौरस फूट, करडाला 4 चौरस फूट धरावे. 8 शेळ्या आणि 10 करडांना 120 चौरस फूट लागतात, म्हणजे 12 फूट लांब आणि 10 फूट रुंद माच. बोकडाला वेगळे 20 चौरस फूट द्यावेत.

वजन किती? एवढी जनावरे आणि साफसफाईला चढलेली दोन माणसे मिळून पाच क्विंटलच्या आसपास भार होतो. पण कुत्रं भुंकलं की सगळी शेरडं एकाच कोपऱ्यात धावतात. म्हणून प्रत्येक कोपरा भक्कम हवा.

खांब आणि पाया. लांबीत चार-चार फुटांवर आणि रुंदीत पाच-पाच फुटांवर खांब धरले, तर 12 खांब लागतात. खांब 5 इंच जाडीचे असावेत. माच वरून मोडत नाही, पायातून मोडतो. मातीत पुरलेला खांब जमिनीलगतच कुजतो आणि वाळवीही तिथूनच चढते. म्हणून 2 फूट खड्ड्यात काँक्रीटचा ठोकळा करावा, तो जमिनीवर अर्धा फूट काढावा आणि त्यात लोखंडी पट्टी रोवून खांब तिला बोल्टाने आवळावा. खांब नुसता ठोकळ्यावर टेकवला तर वारा माच उचलतो. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्याच किनाऱ्यावर आले, तेव्हा छपरांचे काय झाले ते आपण पाहिले आहे. खांबा-खांबांत तिरके आधार जरूर द्यावेत, नाहीतर माच झुलतो.

वरचा सांगाडा. लांबीच्या दिशेने तीन ओळींत तुळया घालाव्यात. त्यांवर दीड-दीड फुटावर 3 बाय 4 इंचांचे, 10 फुटी 9 वासे. वाशांवर 3 इंच रुंद, 1 इंच जाड अशा 12 फुटी 33 पट्ट्या बसवाव्यात. दोन पट्ट्यांतली फट दीड सेंटिमीटर ठेवावी. करडांच्या कोपऱ्यात एक सेंटिमीटरच ठेवा, नाहीतर पाय अडकून मोडतो. उंची 4 फूट असली की खाली वाकून खराटा चालवता येतो. चढायला 8 फुटी उतरती फळी लावून तिच्यावर फूट-फूट अंतराने आडव्या पट्ट्या ठोकाव्यात.

लाकूड कोणते? खांबांना ऐन किंवा खैर टिकाऊ. सुरू स्वस्त मिळते, पण ओलीत लवकर कुजते. ते वरच्या छपराला वापरावे. पट्ट्यांना चिरलेली पोफळ चालते. बांबू असेल तर तो तोडल्यावर दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून मग सावलीत सुकवावा, म्हणजे कीड कमी लागते. ऐन, खैर, साग, किंजळ, जांभूळ ही झाडे आपल्या मालकीची असली तरी 1964 च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे तोडण्याआधी परवानगी लागते. खाडीतल्या तिवरांना तर हातच लावू नका. 2018 साली मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या तोडीवर बंदी घातली आहे.

खिळे आणि तेल. खाऱ्या हवेत साधा खिळा लवकर गंजतो. जस्ताचा मुलामा दिलेले खिळे-बोल्ट घ्यावेत. शेळी लाकूड चघळते, म्हणून पट्ट्यांना जळके ऑइल किंवा डांबर लावू नये.

वारा आणि छप्पर. पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो. ती बाजू झडपांनी बंद करावी, पूर्व बाजू मोकळी ठेवावी. छप्पर माचाबाहेर 2 ते 3 फूट काढावे. माचाखालची जमीन चोपून उतार द्यावा, आणि तो उतार विहिरीकडे नको.

भाताची झोडणी उरकली की कामाला लागा. लाकूड सुकायला वेळ द्या आणि मृगाच्या आधी काम संपवा. शेळ्या चढवण्याआधी चार माणसांनी एकाच कोपऱ्यात उभे राहून बघावे. कुठे करकरले, हलले, तर तिथे आताच आधार द्या. भर पावसात ते जमणार नाही.