दंतशुभ्रीकरण : अपेक्षा आणि मर्यादा

लग्नसराई जवळ आली की कापड, दागिने आणि छायाचित्रकार यांच्या यादीत हल्ली आणखी एक बाब दिसू लागली आहे : दात शुभ्र करून घेणे. वर्धा-नागपूर मार्गावरील सेलूसारखे तालुक्याचे गावही त्याला अपवाद नाही. उपचारासाठी फार दूर जावे लागत नाही. सावंगी (मेघे) येथे शरद पवार दंत महाविद्यालय, तर नागपुरात शासकीय दंत महाविद्यालय आहे. मात्र या उपचाराने काय साध्य होते आणि काय होत नाही, हे आधी समजून घेतले तर खर्च आणि निराशा दोन्ही टळतात.

पहिला प्रश्न दात पिवळे का झाले, हा असावा. दुकानात दिवसभर होणारा चहा, सुपारी आणि विदर्भात सर्रास खाल्ला जाणारा खर्रा यांचे डाग दातांच्या पृष्ठभागावर बसतात. असे बरेचसे डाग साध्या दंतस्वच्छतेनेच निघतात आणि शुभ्रीकरणाची गरजही उरत नाही. वय वाढते तसे वरचे एनॅमल झिजते आणि आतला पिवळसर थर दिसू लागतो. येथे शुभ्रीकरणाचा चांगला उपयोग होतो. पाण्यातील जास्त फ्लोराइडमुळे बालपणीच पडलेले ठिपके किंवा टेट्रासायक्लिन औषधाने आलेला करडा रंग मात्र चिवट असतो. त्यासाठी काही महिने लागू शकतात. तरीही रंग पूर्ण जाईलच असे नाही.

उपचाराचे मुख्य द्रव्य पेरॉक्साइड. ते एनॅमलमधून आत झिरपून रंगद्रव्याचे कण फोडते. दवाखान्यात हिरड्यांना संरक्षक थर लावून तीव्र जेल टप्प्याटप्प्याने लावतात. एका बैठकीला साधारण तास-दीड तास लागतो. निळ्या दिव्याचा गाजावाजा होत असला, तरी टिकाऊ परिणामात त्याने फारशी भर पडत नाही. दुसरी पद्धत घरची. दातांच्या मापाचा साचा करून त्यात सौम्य जेल भरून दोन आठवडे वापरायचे; ही पद्धत १९८९ पासून प्रचलित आहे. रात्री साचा घालण्याचा सल्ला मिळतो, तेव्हा चौविहार पाळणाऱ्यांनी तसे आधीच सांगावे. दिवसा थोडा वेळ वापरण्याचे जेलही मिळते. जेलमधील ग्लिसरीन वनस्पतिजन्य आहे की प्राणिजन्य, हेही विचारून घ्यावे.

उपचारानंतर काही दिवस थंड-गरम पदार्थांनी दातांत सणक येऊ शकते. ती बहुधा आपोआप ओसरते. पहिल्या एक-दोन आठवड्यांत रंग किंचित उतरून स्थिरावतो. म्हणून हा उपचार विवाहतिथीच्या तीन-चार आठवडे आधी पूर्ण व्हावा. कॅप, पूल आणि दाताच्या रंगाचे भरण यांचा रंग बदलत नाही. समोरच्या एका दातावर जुनी कॅप असेल, तर शेजारचे दात उजळल्यावर तीच पिवळट दिसेल आणि बदलावी लागेल. परिणाम कायमचा नसतो; चहा-सुपारी चालू राहिली तर रंग लवकर परततो.

अठरा वर्षांखालील मुलांनी, तसेच गर्भवती आणि स्तनदा मातांनी हा उपचार टाळावा. लिंबू-सोडा किंवा कोळशाची पूड रोज घासणे हा पर्याय नाही. त्याने एनॅमल झिजते, आणि झिजलेले एनॅमल पुन्हा येत नाही. सौंदर्यप्रसाधनगृहात होणारे शुभ्रीकरणही टाळून नोंदणीकृत दंतवैद्याकडेच जावे.

या भेटीचा खरा लाभ मात्र तपासणीत आहे. किडलेला दात किंवा सुजलेली हिरडी आधी बरी करावी लागते. सुपारी आणि खर्रा खाणाऱ्यांच्या गालाच्या आतील बाजूला पांढरा चट्टा पडलेला असतो, तोंड पूर्ण उघडत नाही, तिखट झोंबते. ही लक्षणे कर्करोगाची पूर्वसूचना असू शकतात. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ मध्येच बंदी आली, तरी सुपारी-तंबाखूची सवय घरोघरी उरली आहे. शुभ्र दातांच्या निमित्ताने घरातील एखाद्या ज्येष्ठाचे किंवा तरुणाचे तोंड वेळेवर तपासले गेले आणि सुपारी सुटली, तर त्या कुटुंबाला उजळ हास्यापेक्षा मोठे काही मिळालेले असेल.